गायीच्या ढेकरावर कर, मग सोनारीच्या शेळीचं काय? शेती आणि हवामान बदलाचा हिशेब, सोप्या भाषेत

‘डेन्मार्कमध्ये आता गायीने ढेकर दिला तरी टॅक्स भरावा लागणार’ ही बातमी तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेली असेल. ती खोटी नाही. डेन्मार्कच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निर्णय घेतला आहे आणि २०३० पासून तिथल्या पशुपालकांना गुरांमधून निघणाऱ्या वायूंवर प्रति टन ३०० क्रोनर कर लागेल. सूट धरली तर सुरुवातीला हातातून जाणारी रक्कम १२० क्रोनर असेल. न्यूझीलंडनेही असाच विचार केला होता, पण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आणि २०२४ मध्ये सरकारने तो गुंडाळून ठेवला.

अशा बातम्यांवर दोनच प्रतिक्रिया दिसतात. एक म्हणजे ‘शेतकऱ्यालाच झोडपा’, दुसरी ‘शेतीमुळेच पृथ्वी तापतेय, दूध-मटण सोडा’. दोन्ही बाजू आकडे फेकतात. पण कुणाच्या शेतीचे आकडे, हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून हा हिशेब आपण एका गावाच्या शिवारात उभं राहून करूया.

गाव आहे सोनारी. तालुका परंडा, जिल्हा धाराशिव.

सोनारीच का?

सोनारी बहुतेकांना माहीत आहे ती काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे. चैत्रातल्या यात्रेला मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून भाविक येतात. शेतीच्या दृष्टीने पाहिलं तर हा मराठवाड्याचा पश्चिमेकडचा काठ. तालुक्याच्या पश्चिम अंगाने सीना नदी वाहते आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्यातलं करमाळा लागतं. पर्जन्यछायेचा हा भाग. पारंपरिक ओळख रब्बी ज्वारीची. आता खरिपात सोयाबीन, जिथे पाणी तिथे ऊस, आणि दारात एखादी म्हैस, दोन-चार शेळ्या. सोनारीत साखर कारखानाही आहे.

म्हणजे हवामानाच्या चर्चेत ज्या ज्या गोष्टींचं नाव निघतं, त्या जवळपास सगळ्या इथे एका शिवारात सापडतात. रवंथ करणारी जनावरं, युरिया, उसाचं पाणी, इथेनॉल, विजेचे पंप, दुष्काळ आणि पूर. भातशेती तेवढी नाही.

शेतीचा वाटा नेमका किती?

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे २२ टक्के शेती, जंगल आणि जमिनीच्या वापरातून आले. यातला मोठा भाग जंगलतोडीचा आहे, हे पोस्टमध्ये गाळलं जातं. ॲमेझॉनचं जंगल तोडून तिथे कुरण केलं की ते याच खात्यात जमा होतं.

भारताचा आकडा वेगळा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात २०२० सालचा हिशेब आहे. त्यात ऊर्जेचा वाटा सुमारे ७५.७ टक्के आणि शेतीचा १३.७ टक्के. शेतीच्या या वाट्यात निम्म्याहून जास्त भाग गाई-म्हशी-शेळ्या-मेंढ्यांच्या पचनातून निघणाऱ्या मिथेनचा असतो. उरलेला मुख्यतः भाताच्या खाचरातला मिथेन आणि खतामुळे जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड.

आता एक गंमत लक्षात घ्या. विहिरीवरच्या पंपाला लागणारी वीज कोळशातून येते, पण तिचा धूर ‘ऊर्जा’ या खात्यात लिहिला जातो. ट्रॅक्टरचं डिझेलही तिथेच. युरिया कारखान्यात नैसर्गिक वायूपासून बनतो, त्याचं उत्सर्जन उद्योग आणि ऊर्जेच्या खात्यात. युरिया शेतात पडल्यावर जे निघतं, तेवढंच शेतीच्या नावावर. त्यामुळे ‘शेतीचा वाटा १४ टक्के’ हे वाक्य खरं असलं तरी ते वहीच्या एका पानावरचं आहे. शेती चालवायला जे लागतं, त्याची नोंद तीन वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली आहे.

शेळी, म्हैस आणि युरियाची गोणी

इथे थोडं गणित करू.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, तेव्हा मिथेन तयार होतो. त्यातला बहुतेक भाग तोंडावाटे, म्हणजे ढेकरातून बाहेर पडतो. (पादण्याचे विनोद इंटरनेटवर जास्त चालतात, पण मुख्य रस्ता तो नाही.) आयपीसीसीच्या ढोबळ मापानुसार एक शेळी वर्षाला सुमारे ५ किलो मिथेन सोडते, भारतीय म्हैस सुमारे ५५ किलो. १०० वर्षांच्या हिशेबात एक किलो जैविक मिथेन हा सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे एका शेळीचं वर्षाचं खातं होतं १३५ किलोंचं आणि म्हशीचं जवळपास दीड टनाचं. पश्चिम युरोपातल्या दुभत्या गायीचं याच मापाने तीन टनांच्या वर जातं. अर्थात ती दूधही कितीतरी जास्त देते, त्यामुळे लिटरमागे पाहिलं तर तिचंच खातं हलकं ठरतं. कोणतं माप धरायचं यावर निकाल फिरतो, म्हणून एकच आकडा दाखवणाऱ्या पोस्टपासून सावध राहा.

आता युरिया. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतं. त्यातलं साधारण एक टक्का नत्र जमिनीतल्या जिवाणूंमार्फत नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, असं मानक माप आहे. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवणारा. गुणाकार केला की एका गोणीमागे सुमारे ९० किलो येतात. म्हणजे जवळपास ३८ लिटर पेट्रोल जाळण्याइतकं. कोरडवाहू जमिनीत हा आकडा निम्म्यावर येतो, भरपूर पाणी दिलेल्या जमिनीत वाढतो. आणि यात खत बनवतानाचा धूर धरलेलाच नाही.

कृषी विद्यापीठाची आडसाली उसासाठीची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी पावणेआठ गोण्या. पाच शेळ्यांचं वर्षभराचं ढेकर देणं एकीकडे आणि एका एकर आडसाली उसाचा युरिया दुसरीकडे, ही दोन्ही खाती जवळजवळ सारखीच भरतात. शेळीवर विनोद होतात, गोणीवर होत नाहीत.

शेळीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, मग विरतो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. गावातल्या जनावरांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहिली, तर जुना मिथेन विरत जातो आणि नवा त्याची जागा घेतो. तापमानात नवी मोठी भर पडत नाही. कोळशाचं तसं नाही, तिथे दरवर्षीचा थर आधीच्या थरावर चढतो.

या जिल्ह्याची शेळी तर स्वतंत्र जात म्हणून देशभर ओळखली जाते. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र अजून ‘उस्मानाबादी’च आहे. काळी, काटक, जुळी पिल्लं देणारी, बांधावरच्या पाल्यावर निभावणारी. पीक गेलं, हातात रोख नाही, मुलाची फी भरायची आहे, अशा वेळी बाजारात नेता येते ती शेळीच. ज्या घराला बँक दारात उभं करत नाही, त्या घराची ती बँक आहे.

याच कारणासाठी भारत आंतरराष्ट्रीय चर्चेत शेतीवर बंधन घ्यायला तयार होत नाही. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा मुद्दा मांडला होता की, गरिबाच्या जगण्यातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या चैनीतून निघणारा वायू एका तागडीत तोलता येणार नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या वेळी भारताने उत्सर्जनाची तीव्रता कमी करण्याचं वचन दिलं, तेव्हा शेती त्यातून वगळली असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. २०२१ मध्ये ग्लासगोत सुरू झालेल्या जागतिक मिथेन करारात भारत गेला नाही आणि २०२३ मध्ये दुबईत शेतीविषयक जाहीरनामा आला, त्यावरही सही केली नाही.

भूमिका रास्त आहे. पण तिची एक अडचण आहे, जी सहसा बोलली जात नाही. दोन शेळ्यांच्या घराला पुढे करून मिळालेली ही सवलत पाटपाण्यावरच्या उसालाही तशीच लागू होते.

इथेनॉल हिरवं आहे का?

हा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा, म्हणून जरा सावकाश.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. उसाच्या इथेनॉलचं पूर्ण आयुष्यभराचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा सुमारे ६५ टक्के कमी, असा नीती आयोगाच्या अभ्यासाचा हवाला सरकार देतं. वायूंच्या वहीत उसाचं नाव त्यामुळे पुण्याच्या रकान्यात जातं.

आता त्याच नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातलं दुसरं पान उघडा. एक टन उसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघतं आणि उसाला लागणारं पाणी मोजलं तर एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी पडतं. दुचाकीत चार लिटर ई-२० भरलं की त्यात ८०० मिलिलिटर इथेनॉल असतं. ते सगळं उसाचं असेल, तर त्यामागे दोन टँकरला पुरून उरणार नाही, पण एका छोट्या टँकरइतकं पाणी कुठल्या तरी शिवारात मुरलेलं असतं. (आता देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून, मुख्यतः मक्यापासून येतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.)

पाऊस भरपूर असलेल्या ठिकाणी या आकड्याने फार बिघडणार नाही. परंड्यात बिघडतं. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात महाराष्ट्राचं चित्र मांडलं होतं, की लागवडीखालच्या क्षेत्रात ४ टक्क्यांहून कमी जागा घेणारा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. सीना-कोळेगाव धरण याच तालुक्यात आहे आणि अवर्षणाच्या वर्षांत ते मृतसाठ्यात जातं. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्याने आणि उपसा करून मराठवाड्यात आणायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. पाणी चढवायला वीज लागते, आणि ती वीज पुन्हा ऊर्जेच्या पानावर.

मग शेतकरी ऊस लावतोच का, असं शहरातून विचारलं जातं. उत्तर सरळ आहे. उसाला कायद्याने ठरवून दिलेला एफआरपी आहे, कारखाना टोळी पाठवून ऊस तोडून नेतो, आणि दोन-तीन दिवस शेतात पाणी उभं राहिलं तरी ऊस सहसा तगून राहतो. सोयाबीनला २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर आहे, पण बाजारात तो मिळेलच याची खात्री नाही. जोखमीच्या हवामानात माणूस खात्रीचं पीक निवडतो. त्याला पाण्याची उधळपट्टी म्हणणं सोपं आहे. ठिबक, पाचट न जाळता कुजवणं आणि मोजून पाणी देणं याने फरक पडतो, पण मूळ आकर्षण हमीचं आहे. ज्वारी-तुरीला तशी हमी मिळेपर्यंत उसाविरुद्धचा उपदेश बांधावरच राहणार.

आणि हवामान बदलाचा उपाय हवामानापुढेच कसा अडतो, त्याचं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊस तुटला, ऊस कमी पडण्याची भीती निर्माण झाली. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंधनं आणली. इथेनॉलसाठी गुंतवणूक केलेले कारखाने एका रात्रीत अडचणीत आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ही बंधनं उठली.

आगगाडीने पाणी, हेलिकॉप्टरने माणसं

आता हिशेबाची दुसरी बाजू. वायू कोण सोडतं हे झालं, बिल कुणाकडे येतं?

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. ती गाडी कुर्डुवाडी, बार्शीमार्गे धाराशिव जिल्ह्यातूनच पुढे गेली. त्या काळात जिल्ह्यात गुरांच्या छावण्या लागल्या होत्या.

नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात, याच जिल्ह्यातले परंडा आणि भूम तालुके पुराच्या बातम्यांत आले. सीनेला आणि तिच्या उपनद्यांना आलेल्या पुरात माणसं घरांच्या छतांवर अडकली आणि परंडा तालुक्यात त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली कुजलं. राज्यभरात ६८ लाख ६९ हजार हेक्टरवरच्या पिकांचं नुकसान झाल्याचं सरकारने सांगितलं आणि ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं.

दुष्काळ आणि पूर दोन्ही हवामान बदलाचेच कसे, असा प्रश्न पडू शकतो. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पावसाचे खंड लांबतात, आणि पडतो तेव्हा तो थोड्या तासांत पडतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एखादा ठरावीक पूर केवळ याचमुळे आला, असं म्हणता येत नाही. नदीपात्रातली अतिक्रमणं, धरणातून सोडलेलं पाणी, बुजलेले ओढे हेही त्यात असतं. पण फासे कोणत्या बाजूला जड झालेत, ते स्पष्ट आहे.

पुराच्या बातम्यांत ‘जमीन खरडून गेली’ हा शब्दप्रयोग तुम्ही वाचला असेल. त्याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. पीक गेलं तर एक हंगाम जातो. खरडून गेलेल्या शेतात वरची काळी माती वाहून जाते आणि खाली मुरूम, दगडगोटे उरतात. ती माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागलेली असतात. पॅकेजमध्ये अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि मनरेगातून तीन लाखांपर्यंतच्या कामांची तरतूद होती. गाळाची माती आणून शेत पुन्हा भरणं किती खर्चाचं असतं, हे ज्याने एकदा ट्रॅक्टरच्या खेपा मोजल्यात त्याला विचारा.

त्यातच विम्याचा गुंता. धाराशिवकरांना तो नवा नाही. खरीप २०२० मध्ये परतीच्या पावसाने सोयाबीन गेलं, तेव्हा नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, असं कारण देऊन जिल्ह्यातल्या सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाईबाहेर ठेवलं गेलं. गावात वीज नाही, रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि ॲपवर फोटो टाकायचा. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं, मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, पुढे ते सर्वोच्च न्यायालयातही गेलं. त्यानंतर राज्यात २०२३ ला एक रुपयात पीकविमा आला. मे २०२५ मध्ये तो बंद झाला आणि त्याबरोबर स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान असे भरपाईचे वेगळे निकषही काढले गेले. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या सरासरी उत्पन्नावर ठरणार, असं ठरलं. निकष काढल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात सप्टेंबरचा पूर आला.

मातीतला कर्ब विकता येईल का?

सध्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा प्रश्न आहे, ‘कार्बन क्रेडिटमधून एकरी एवढे पैसे मिळतात, खरं आहे का?’

तत्त्व खरं आहे. शेणखत, हिरवळीचं खत, कुजवलेलं पाचट यांतून हवेतला कर्ब जमिनीत साठतो. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण दोन हजार टन माती असते. तिच्यात अर्धा टक्का सेंद्रिय कर्ब असेल, तर तो दहा टन होतो, म्हणजे ३६ टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. हा अर्धा टक्का वाढवून ०.६ वर नेला तर आणखी सात टनांहून जास्त वायू हवेतून जमिनीत येतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी चौकटही जाहीर केली आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. मराठवाड्याच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ भराभर जळतो, ०.१ टक्का वाढवायला वर्षं लागतात. आणि क्रेडिट विकताना तो कर्ब दीर्घकाळ जमिनीतच राहील, अशी हमी द्यावी लागते. सीनाकाठच्या ज्या शेतकऱ्याची वीतभर माती एका रात्रीत वाहून गेली, त्याने ही हमी कशाच्या जोरावर द्यायची? त्याचा दहा टन कर्ब काही हवेत गेला, काही धरणाच्या गाळात बसला. कोणत्याही वहीत त्याची नोंद नाही. त्यामुळे एखादी कंपनी करार घेऊन आलीच, तर दोनच गोष्टी आधी वाचा. करार किती वर्षांचा आहे, आणि नैसर्गिक आपत्तीत कर्ब गेला तर जबाबदारी कुणाची.

मग इथे होतंय काय?

अगदीच काही नाही असं नाही. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘पोकरा’, पहिल्या टप्प्यात पाच हजारांहून जास्त गावांत राबवला गेला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. शेततळी, ठिबक, शेडनेट यांचं अनुदान लोकांच्या लक्षात राहिलं. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सगळ्यात साधी वाटते, ती म्हणजे रुंद सरी वरंबा. बीबीएफ यंत्राने सोयाबीन गादीवाफ्यावर पेरायचं. पावसाचा खंड पडला तर वाफ्यात ओल टिकते, धो धो पडला तर सरीतून पाणी निघून जातं. सीनेच्या पुरापुढे त्याचं काही चालत नाही, पण दरवर्षीच्या लहान खंडांना आणि लहान अतिवृष्टीला ते उत्तर आहे.

दुसरं काम बायकांचं आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-धाराशिव भागात ‘एक एकर’ पद्धत रुजवली. कल्पना अशी की, घरच्या शेतातला अर्धा-एक एकर तुकडा घरातल्या बाईने मागून घ्यायचा. त्यात भाजी, कडधान्य, ज्वारी-बाजरी अशी बरीच पिकं मिसळून लावायची, खत शक्यतो घरच्या शेणाचं. एक पीक गेलं तरी बाकीची उभी राहतात आणि दुष्काळाच्या वर्षीही घरात खायला असतं. या कामासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

वरच्या गणितात ही पद्धत बसवून पाहा. तूर-मूग स्वतःचं नत्र हवेतून घेतात, युरियाची गोणी वाचते. पाणी कमी लागतं. शेळीला पाला बांधावरच मिळतो. उत्सर्जनाचं खातं आणि तगून राहण्याचं खातं, दोन्ही एकाच तुकड्यात सुधारतात.

पण पैसा या तुकड्यापर्यंत पोहोचत नाही. जगभरात हवामानाच्या नावाने जो निधी फिरतो, त्यातले जेमतेम १.७ टक्के छोट्या शेतकऱ्यांपर्यंत जातात, असं संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीने, म्हणजे आयफाडने, २०२० मध्ये दाखवलं होतं. गावपातळीवर अडसर त्याहून साधा आहे. पोकरा असो की ठिबकचं अनुदान, अर्जाला सातबारा लागतो, आणि तो सहसा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम याच प्रश्नावर काढली होती आणि १९९२ मध्ये राज्य सरकारने पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा आदेशही काढला. ही सोय आजही आहे. त्यासाठी नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो.